करंड्यातलं नायट्राइड

नेरूळच्या ज्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तिथे तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिच्यात मोडकी बाकं, गेल्या तीन स्नेहसंमेलनांचे थर्माकोलचे किल्ले आणि भाता फाटलेली एक बाजाची पेटी ठेवलेली होती. आम्ही तिला अडगळ म्हणायचो. आमच्या प्राचार्यांनी ती रिकामी करून घेतली, भिंतींना फिकट निळा रंग दिला आणि दारावर पितळी पाटी लावली : 'प्रगत पदार्थ संशोधन केंद्र'. त्या प्रगतीत आम्ही तिघं होतो. मी, माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी आणि प्रयोगशाळेचे मामा.

मामा मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचे वडील बाजारात हमाली करायला आले, आणि मामा आमच्याकडे शिपाई म्हणून लागले ते आता निवृत्तीला आले होते. काचेचं एकही भांडं त्यांच्या हातून फुटलेलं नाही असं ते सांगत, आणि ते खरं होतं. मुलगी करावे गावची. वडील खाडीत मासेमारी करत आणि आई सीवूड्सच्या बाजारात मासळी विकायला बसे. महाविद्यालयात ती आईचा विषय टाळत नसे आणि मिरवतही नसे. तिच्या डब्याचा वास आला की मात्र मी माझी चपाती-भाजी घेऊन तिच्या टेबलाकडे सरकायचो.

आमचा पदार्थ होता गॅडोलिनियम नायट्राइड. गॅडोलिनियम ज्या घराण्यातलं आहे, त्याला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. ती मृदा नाही आणि म्हणावी तितकी दुर्मिळही नाही. त्या घराण्यातली काही मूलद्रव्यं जमिनीत शिशापेक्षा जास्त सापडतात. पण एकदा मोठं नाव लागलं की ते कुणी परत मागत नाही, हे मी रसायनशास्त्राबाहेरही पुष्कळ पाहिलं आहे. प्राचार्यांना मात्र 'दुर्मिळ' हा शब्द फार आवडला. ते जिना चढताना भेटले तरी विचारायचे, "काय, दुर्मिळ काय म्हणतंय?"

धातू आला त्या दिवशी आम्ही त्याची ओळख करून घेतली. दिसायला चांदीसारखा. त्याची गंमत अशी की साधारण वीस अंशांच्या खाली लोहचुंबक त्याला लोखंडासारखा ओढतो, आणि त्याहून जरा गरम झाला की तो चुंबकाला ओळख देत नाही. नेरूळमध्ये वीस अंश फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये असतात. म्हणून मुलीने आईच्या पाटीतला बर्फ डब्यात आणला. बर्फाला बोंबलाचा वास होता, पण विज्ञानाला त्याचं काही नव्हतं. तुकडा बर्फात ठेवला की चुंबकाला टपकन चिकटे, आणि तळहातावर धरला की थोड्या वेळाने आपोआप सुटून पडे. मामांनी तो प्रयोग सहा वेळा करायला लावला.

"मानसासारकंच की वो सर," ते म्हणाले. "गार हाय तवर चिकटतंय."

या धातूचं नायट्राइड करायचं तर त्याचा नायट्रोजनशी संयोग घडवून आणायचा. कागदावर हे एका ओळीत बसतं. प्रत्यक्षात धातू कानशीने घासून त्याचा कीस करायचा, आणि तोही उघड्यावर नाही, कारण हवेतला ऑक्सिजन तिथे नायट्रोजनच्या आधी पोहोचतो. त्यासाठी ग्लव्ह बॉक्स असतो. म्हणजे काचेची बंद पेटी, आत कोरडा आरगॉन वायू आणि बाहेरून हात घालायला खांद्यापर्यंतचे रबरी मोजे. आमची पेटी कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून आली होती आणि मोजे तिच्याच वयाचे होते. त्यांत हात घालून ती मुलगी तासन्‌तास कानस चालवायची. मग कीस भट्टीच्या नळीत ठेवायचा. नायट्रोजन आधी तापलेल्या तांब्यावरून सोडायचा, म्हणजे त्यातला उरलासुरला ऑक्सिजन तांबं खाऊन टाकतं. पुढे तो पाणी शोषणाऱ्या भुकटीवरून न्यायचा, आणि असा शुचिर्भूत झालेला वायू हजार अंशांच्या वर तापलेल्या किसावर सोडायचा. प्रत्येक कणावर नायट्राइडचं कवच चढतं आणि तेच कवच आतल्या धातूला नायट्रोजनपासून वाचवत बसतं. म्हणून भट्टी थंड करायची, पुन्हा पेटीत नेऊन कुटायचं, पुन्हा तापवायचं. असं तीन वेळा. शेवटी चिमूटभर काळी भुकटी हाती लागते. तिच्या आतली अणूंची मांडणी थेट मिठासारखी, म्हणजे उरणच्या मिठागरात जी रचना ढिगाने पडलेली असते तीच. फरक इतकाच की मीठ दमट हवेत नुसतं पाझरतं. ही भुकटी दमट हवेत मरते. हवेतलं पाणी तिच्यातला नायट्रोजन ओढून घेतं, त्याचा अमोनिया होऊन उडून जातो आणि मागे पांढुरकी, निरुपयोगी माती उरते. तेव्हा कुठे मृदा हे नाव सार्थ होतं.

असा पदार्थ करण्यासाठी आम्ही खाडीकाठचं शहर निवडलं होतं, आणि पहिला घाणा काढला तो जुलैत.

जुलैतल्या पहिल्या दोन घाण्यांचं काय झालं ते आम्हाला नाकाने कळलं. तिसऱ्या मजल्यावर वास येतो अशी तक्रार प्राचार्यांकडे गेली. त्यांनी स्वच्छतागृहांची पाहणी केली, दोन पाट्या लावल्या आणि मामांना सांगितलं. मामांनी केंद्राची फरशी बादलीभर फिनाइलच्या पाण्याने धुऊन काढली आणि खिडक्या लावून घेतल्या, धूळ येऊ नये म्हणून. त्या दिवशी त्या खोलीत इतकी वाफ होती की चष्मा पुसायला मला जिन्यात यावं लागलं. तिसरा घाणा जरा बरा निघाला. दिसायला काळा होता, पण क्ष-किरणांनी तपासला तेव्हा त्यात ऑक्साइड पुष्कळ निघालं. मोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

मी एका संध्याकाळी बाजारात मांदेली घेताना मुलीच्या आईला हे सांगितलं. ती कोयतीवर मांदेली साफ करत होती. तिने वर न बघताच ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमची पावडर आमच्या सुकटीवानीच हाय," ती म्हणाली. "आमी सुकट उन्हात वालवतो, डब्यात भरतो, झाकनाला फडका बांधतो. भादव्यात कुनी येकदा डबा उघडला, झाली सुकट मऊ. मंग वास. मी पोरीला सांगितलं, येवढा येवढा भर. बारके बारके डबे कर. येक उघडला तर येकच जाल."

शोधनिबंधांत हीच गोष्ट चार पानांत सांगितलेली असते. मुलीने मोजे बदलले आणि आईचं ऐकलं. सप्टेंबरच्या अखेरीला जो घाणा निघाला, त्यात क्ष-किरणांना नायट्राइडशिवाय काही सापडलं नाही. भुकटी होती एक ग्रॅमच्या आसपास. तिने ती काचेच्या बारीक नळ्यांत भरली आणि ज्योतीवर नळ्यांची तोंडं वितळवून बंद केली. बहुतेक नळ्या तपासण्यांत एकेक करून फुटल्या. शेवटी एक भरलेली नळी उरली, आणि ती कुठे जायची हे ठरलेलं होतं. खाडीपलीकडच्या एका मोठ्या संस्थेत अतिथंड तापमानाला चुंबकत्व मोजायचं यंत्र आहे. हा पदार्थ उणे दोनशे अंशांच्याही खाली गेल्यावर चुंबक होतो, आणि तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका आलेखावर अडलं होतं. त्या यंत्रावर तिला आठ महिने वाट पाहून एक दिवस मिळाला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. नमुना शुद्ध असल्याचं खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं, नाहीतर दिवस पुढच्या माणसाला जायचा. तिच्या नोंदणीची मुदत डिसेंबरात संपत होती. म्हणजे ही नळी गेली तर चार वर्षं गेली, इतका साधा हिशेब होता.

त्या नळीशेजारी, त्याच काचेची, तितकीच लांब दुसरी एक नळी होती. तिच्यात जुलैचा तो तिसरा घाणा होता, तुलनेसाठी ठेवलेला. दोन्ही काळ्या. जुलैच्या नळीवर मार्करने '७' लिहिलं होतं, सप्टेंबरच्या नळीवर '९'. दोन्हींची वजनं तिच्या वहीत चार दशांशांपर्यंत होती.

आता प्राचार्यांकडे येतो. हा गृहस्थ वाईट नव्हता. कुणाची रजा अडवली नाही, कुणाला चारचौघांत बोलला नाही. फक्त त्याला उद्घाटनं लागत, जसा काहींना चारचा चहा लागतो. सायकल स्टँडचं उद्घाटन झालं होतं. थंड पाण्याच्या यंत्राचं दोनदा झालं होतं, कारण मध्ये ते दुरुस्तीला गेलं होतं. केंद्राचं मात्र राहिलं होतं. सात महिने आम्ही तिथे काम करत होतो ते, त्यांच्या दृष्टीने, अनधिकृत होतं.

"खंडेनवमी," ते म्हणाले. "यंत्रांची पूजा आणि उद्घाटन एकाच दिवशी. साडेनऊला पाहुणे. एक मोठे निवृत्त अधिकारी येतायत. तुम्ही मला पदार्थाची माहिती द्या, एक पान, मोठ्या अक्षरात. बोर्ड करतो."

मी गुणधर्म लिहून दिले. रंग काळा, स्फटिकरचना मिठासारखी, वितळणबिंदू फार वर, अतिथंड तापमानाला चुंबकीय, दमट हवेत विघटन होऊन अमोनिया बाहेर पडतो.

त्यांनी पेन्सिल घेतली. "हे शेवटचं जरा निगेटिव्ह वाटतं."

"ते निगेटिव्हच आहे," मी म्हणालो.

"नाही, पण बोर्डावर कशाला? पाहुण्यांना वाटेल आपला माल टिकत नाही."

"टिकत नाहीच."

त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'वातावरणाविषयी अत्यंत संवेदनशील'. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "हे कसं, आजच्या काळाला धरून झालं."

दुसरी अडचण अशी की त्यांना पदार्थ उघडा हवा होता. त्यांच्या लग्नातला चांदीचा करंडा होता. त्यात भुकटी ठेवायची, करंडा मखमलीवर, आणि पाहुणे झाकण उचलणार.

"काचेच्या नळीत काय बघायचं?" त्यांनी मुलीला विचारलं. "उदबत्तीचा पुडा पण बाहेरून दिसतो. आत बघण्यात मजा आहे."

"सर, हवा लागली की खराब होतं ते," ती म्हणाली.

"एसी फुल ठेवतो ना. टेन्शन कशाला घेतेस?"

"एसीतसुद्धा हवाच असते सर."

हे ऐकून ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू विद्यार्थिनीला मी हे वाक्य पढवलं आहे. अखेर तडजोड झाली. करंड्यात सातची भुकटी घालायची. ती नाहीतरी निम्मी बिघडलेली, आणि पाहुण्यांना नऊ आणि सात यांतला फरक कळण्याची भीती नव्हती. खंडेनवमीच्या सकाळी नऊ वाजता ती मुलगी स्वतः सात नंबरची नळी फोडणार, असं ठरलं. प्राचार्यांनी मामांच्या देखत "सात, सात, समजलं" असं म्हटलं. मामांनी मान हलवली.

साताऱ्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं काढतात. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड. आदल्या दिवशी घासून पुसून लखलखीत करतात, पूजा मांडतात, आणि मांडलेली वस्तू दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत कामाला घेत नाहीत. मामांनी ही रीत आमच्या प्रयोगशाळेत आणली होती. दरवर्षी ते सगळी उपकरणं पुसायचे, झेंडूची फुलं वाहायचे, आणि त्या दिवशी कुणी ब्यूरेटला हात लावला तर त्यांचं तोंड दिवसभर उतरलेलं असायचं. मला देवाधर्मात फारसा रस नाही. पण वर्षातून एक दिवस कुणीतरी काचेच्या नळीला नमस्कार करतं, हे मला आमच्या बऱ्याच परिसंवादांपेक्षा बरं वाटत आलं आहे.

त्या वर्षी पूजा केंद्रात मांडायची होती. मामांनी तिन्ही मजल्यांवरची उपकरणं तिथे आणली. सूक्ष्मदर्शक, भट्टीचे चिमटे, इमारतीतले होते नव्हते ते सगळे तराजू.

सकाळी पावणेनऊला मी पोहोचलो, तेव्हा केंद्राच्या दाराला लाल फीत लागलेली होती आणि मुलगी बाहेर उभी होती. तिच्या मुठीत काहीतरी होतं. तिने मूठ उघडून दाखवली. काचेची नळी होती, तोंड बंद, आत काळी भुकटी, आणि काचेवर हळदकुंकवाचं एक बोट.

"सर, यावर नंबर नाहीये," ती म्हणाली.

मामा फुलांची परडी घेऊन मागे उभे होते.

"नंबर कुठे गेला मामा?" मी विचारलं.

"पुसलं की वो काल समदं," ते म्हणाले. "स्पिरिट लावून पुसलं. शाईचं डाग व्हतं त्येच्यावर."

"आणि दुसरी नळी?"

"सायबांनी साडेआटलाच सांगितलं, म्हूर्त हाय, आवर. ताई न्हाई आल्या अजून, तर म्या फोडली हळूच, फडक्यात धरून. भुकटी करंड्यात घातली. एक कण सांडला न्हाई."

"कुठली फोडली?"

मामांनी परडी खाली ठेवली. मग म्हणाले, "सात म्हनलं व्हतं. पन सात कंची, ते न्हाई समजलं. पयली हाताला आली ती घेतली."

तिने मूठ बंद केली. मी नळी मागून घेतली आणि खिडकीपाशी धरून पाहिली. शुद्ध नायट्राइडला किंचित सोनेरी झाक असते असं म्हणतात. मला ती दिसली. मग दिसेनाशी झाली. मग पुन्हा दिसली. नळी तिच्या हातात परत दिली.

"वजन," ती म्हणाली. "सातचं सहा पूर्णांक तीन नऊ शून्य सात. नऊचं सहा पूर्णांक चार एक आठ दोन. सर, फक्त वजन करायचंय. दोन मिनिटं."

तिघांनी एकदम फितीकडे पाहिलं. तराजू फितीच्या आत होते, सगळेच्या सगळे, झेंडूखाली.

"ताई, पूजा मांडली आता," मामा अगदी हळू म्हणाले. "वर फीत बी बांधली. सायेब इळभर बोलत्याल मला." आणि ते खरंच होतं, कारण साहेब जिन्यातून वर येत होते, रेशमी कुर्त्यात, मोबाईलवर कुणाला तरी पुलाखालून डावीकडे वळायला सांगत.

मी त्यांना थोडक्यात सांगून पाहिलं. ते म्हणाले, "अरे, कार्यक्रम झाला की करा ना वजन, कोण अडवतंय? पाहुणे सिग्नलला आहेत." मुलीला म्हणाले, "बेटा, स्माइल."

पाहुणे सिग्नलला पाऊण तास होते. ती पाऊण तास भिंतीला टेकून उभी राहिली. फोनवर त्या संस्थेतल्या माणसाचा संदेश आला होता, नमुना नक्की ना, म्हणून. तिने तो मला दाखवला आणि उत्तर न देता फोन खिशात ठेवला. मामा दोनदा आमच्यासाठी चहा घेऊन आले. एरवी ते एकदाच आणतात.

अखेर पाहुणे आले, फीत कापली गेली आणि आम्ही सगळे आत घुसलो. खोलीत बाराजणांची जागा होती, चाळीस माणसं होती आणि एसी, सांगितल्याप्रमाणे, फुल होता. प्राचार्यांनी बोर्ड मोठ्याने वाचला. 'वातावरणाविषयी अत्यंत संवेदनशील' या ओळीला पाहुण्यांनी मान डोलावली. मग ते करंड्याकडे वळले.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. मामांनी सकाळी भुकटी करंड्यात घातल्यावर रीतीप्रमाणे तिच्यावर फुलाने पाणी शिंपडलं होतं. आणि मग झाकण घट्ट लावून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. म्हणजे तास-सव्वा तास चांदीच्या बंद डब्यात नायट्राइड आणि पाणी आपापलं काम करत बसले होते.

पाहुण्यांनी झाकण उचललं आणि आत बघण्यात मजा आहे असं त्यांना सांगितलेलं असल्यामुळे अगदी जवळ वाकून आत पाहिलं.

ते चटकन सरळ झाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी रुमाल काढला, काही बोलायचा प्रयत्न केला आणि हातानेच थांबा अशी खूण केली. प्राचार्य माइकवर म्हणाले, "साहेब भावुक झालेत." टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या संस्कृतच्या बाईंनीही डोळे टिपले, पण त्या करंड्यापासून बऱ्याच लांब होत्या, त्यामुळे त्यांचं खरं असावं.

मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "सर, वास जोरात आहे ना?"

"बंद होतं ना इतका वेळ."

"निम्मं खराब झालेलं असतं तर इतका आला असता?"

पंचवीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं, पण एका अधिकाऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून नमुन्याची शुद्धता काढायची रीत मला येत नव्हती.

पाहुण्यांचं भाषण वीस मिनिटं चाललं. त्यात त्यांनी प्राचीन भारतातलं धातुशास्त्र, त्यांचं स्वतःचं बालपण आणि शेवटी पुन्हा स्वतःचं बालपण असे विषय घेतले. मग प्राचार्य त्यांना तराजूपाशी घेऊन गेले. ज्या तराजूवर आम्ही सात महिने वजनं करत होतो, त्याचं कळ दाबून लोकार्पण व्हायचं होतं. मामांनी पुढे होऊन पारड्यावरचं झेंडूचं फूल दोन बोटांनी उचललं. पाहुण्यांनी कळ दाबली. पडद्यावर शून्य आलं.

पाहुणे शून्याकडे बघत राहिले. "एवढंच?" ते म्हणाले. "काहीतरी ठेवा की वर."

प्राचार्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पाहुण्यांची अंगठी घ्यावी की नाही असा विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता. आणि मग मागून मामांचा आवाज आला. त्या खोलीत माइकशिवाय कुणी बोलत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

"ताई, ठेवा."

ती गर्दीतून पुढे गेली. ओढणीने नळीवरचं कुंकू नीट पुसलं, काचेचं दार सरकवलं, नळी पारड्यावर ठेवली आणि दार बंद केलं. चाळीस माणसांच्या पायांनी तराजू हलत होता. आकडे धावले, थांबले, पुन्हा धावले. मी चष्मा विसरलो होतो. पहिला सहा मला दिसला, पण तो दोन्हींत होता.

ती वाकून बघत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. आकडा स्थिर झाल्याची बारीक शिट्टी वाजली, आणि पाहुण्यांनी तो खड्या आवाजात वाचला, जणू मतमोजणीचा निकाल जाहीर करतायत.

"सहा पूर्णांक, चार, एक, आठ, तीन."

प्रचंड टाळ्या झाल्या. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं, पण त्या केंद्राच्या इतिहासात योग्य जागी पडलेल्या त्या एवढ्याच टाळ्या. शेवटच्या आकड्यात एकाचा फरक होता. तो कुंकवाचा असेल, नाहीतर चाळीस माणसांचा. मुलीने नळी उचलली, मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने तिथेच उभं राहून फोनवर उत्तर लिहिलं. प्राचार्य तिला हसताना बघून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं ते मी विचारलं नाही.

लोक खाली अल्पोपहाराला गेले. वर आम्ही तिघं उरलो. करंडा उघडाच होता. आतली भुकटी कडेने पांढुरकी पडायला लागली होती. मामा त्याच्याकडे न बघता पडलेल्या पाकळ्या गोळा करत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ताई, आकडा बरूबर व्हता न्हवं?"

"बरोबर होता मामा."

"म्हंजी म्या फोडली ती सातच."

"सातच."

मामांनी मान हलवली. मग तिच्या हातातल्या नळीकडे बघत म्हणाले, "आता नंबर कशानं ल्हिनार?"

"काचेवर कोरून घेते. हिरकणीच्या पेनने."

"झ्याक व्हईल," ते म्हणाले. "म्हंजी फुडल्या वर्षी पुसलं तरी जानार न्हाई." आणि खिशातून ते झेंडूचं फूल काढून त्यांनी पुन्हा पारड्यावर ठेवलं, काचेचं दार लावलं आणि मला बजावलं की आता उद्या पूजा उचलेपर्यंत याला कुणी हात लावायचा न्हाई.